जुन्या कॅसेट, घरातली पेटी आणि पोरांचा प्लेस्टेशन

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या रविवारच्या गप्पांमधील एका सभासदाचे भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



नोटीस बोर्डावर सेक्रेटरींनी आजचा विषय लिहिला, ‘घरच्या नेटवर्क स्टोरेजवरून गेम कन्सोलवर व्हिडिओ पाहणे’. तो वाचून आमच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्येच विचारलं, “हे आमच्यासाठी आहे की पोरांसाठी?” काकू, तुमच्यासाठीच आहे. पोरांकडे यंत्र आहे, पण माल तुमच्याकडे आहे. (हशा)

माल म्हणजे काय ते सांगतो. या स्मरणिकेसाठी फोटो गोळा करायला आम्ही दारोदार फिरलो, तेव्हा फोटोंबरोबर लोकांनी कपाटावरच्या पिशव्याही काढल्या. व्हीएचएस कॅसेट, हँडीकॅमच्या काडेपेटीएवढ्या मिनी-डीव्ही कॅसेट, मार्करने ‘गणपती’ एवढंच लिहिलेल्या सीडी, आणि आत काय आहे हे कुणालाच आठवत नसलेले पेनड्राइव्ह. पहिल्या वर्षीचा सार्वजनिक गणपती, गच्चीवरची कोजागिरी, बोअरवेलला पाणी लागलं तो दिवस, सगळं त्यात आहे.

आणि तळमजल्यावर फिरलो तेव्हा काहीच मिळालं नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडे उल्हास नदीचं पाणी कंपाउंडात आलं आणि तळमजल्याच्या चार घरांत कपाटांचे खालचे दोन कप्पे बुडाले. अल्बम आणि कॅसेट सगळ्यांच्याच घरात खालच्या कप्प्यात असतात. त्यातल्या एका घरातले काका आता नाहीत. त्यांचा हलता-बोलता असा एकही तुकडा त्यांच्या घरी उरलेला नाही. तो आहे तिसऱ्या मजल्यावरच्या एका कॅसेटमध्ये. २००४ च्या आरतीचं शूटिंग आहे. कॅमेरा मूर्तीवर आहे, आणि उजव्या कोपऱ्यात काका टाळ वाजवतायत, एकदा कॅमेऱ्याकडे बघून “अरे, प्रसादाचं बघा” असं ओरडतायत. अकरा सेकंद. त्यांच्या मुलीने अजून ते पाहिलेलं नाही, कारण ज्यांच्याकडे कॅसेट आहे त्यांच्याकडे कॅमेरा चालत नाही.

म्हणून हा विषय. नवीन सिनेमे फुकटात कसे बघायचे हे ऐकायला कुणी आलं असेल तर त्यांनी खाली चहा घ्यावा. मी आपल्या घरच्या शूटिंगबद्दल बोलतोय.

आता, कॅसेटमधलं चित्र टीव्हीवर यायला तीन गोष्टी लागतात. चित्र कुठेतरी साठवलेलं हवं, घरभर ते नेणारी वाट हवी, आणि टीव्हीला जोडलेलं कुणीतरी ते वाचणारं हवं. आपल्या पाण्यासारखंच आहे. गच्चीवर टाकी, मग पाइप, मग नळ. टाकी म्हणजे ‘नॅस’, नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी. पाइप म्हणजे घरातला राउटर. आणि नळ म्हणजे पोरांचा गेम खेळायचा कन्सोल. नवा नळ घ्यायची गरज नाही, कारण आपल्या इमारतीत निदान डझनभर घरांत तो आधीच टीव्हीखाली बसलेला आहे.

गेम खेळायचं यंत्र व्हिडिओ कशाला दाखवेल, असा प्रश्न पडतो. पण हा संबंध जुना आहे. आज ज्याला ‘कोडी’ म्हणतात, ते घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं प्रसिद्ध मोफत सॉफ्टवेअर, त्याचा जन्मच मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर झाला. हौशी लोकांनी ते यंत्र उघडून त्यात घातलेलं ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’. २०१४ साली नाव बदलून ते कोडी झालं. ‘प्लेक्स’ही त्याच झाडाची फांदी. कंपन्यांनाही दिवाणखान्यात जागा हवीच होती. सोनी, इंटेल वगैरेंनी २००३ साली एकत्र येऊन जी संघटना काढली तिचं नाव पुढे डीएलएनए पडलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी घरात एकमेकांशी एकाच भाषेत बोलावं, एवढाच हेतू. संघटना २०१७ साली बंद झाली, पण भाषा राहिली. तुमच्या नॅसमध्ये, पुष्कळशा टीव्हींमध्ये, काही राउटरमध्येही ती आजही आहे.

ही भाषा चालते कशी ते ऐका, कारण निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. कन्सोल सुरू झाला की तो घरातल्या नेटवर्कवर हाक मारतो, “व्हिडिओ कुणाकडे आहेत का हो?” नॅस उत्तर देते, “माझ्याकडे आहेत, ही घ्या यादी.” बस. पासवर्ड नाही, खातं नाही, काही नाही. पण ही हाक घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. म्हणून नॅस एका राउटरवर आणि कन्सोल दुसऱ्या राउटरच्या वेगळ्या नेटवर्कवर असेल, किंवा कन्सोल ‘गेस्ट’ वायफायवर जोडलेला असेल, तर दोघं एकाच खोलीत असूनही एकमेकांना दिसत नाहीत. बी विंगमध्ये मला ज्या तीन घरांनी बोलावलं, त्यातल्या दोन घरांत एवढंच झालं होतं. कन्सोल मुख्य वायफायवर घेतला, यादी आली, आणि मला पोहे मिळाले.

आता कुठला कन्सोल काय करतो. जुना प्लेस्टेशन ३ या बाबतीत अजूनही गुणी आहे. २००७ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून त्याला ही भाषा येते, आणि व्हिडिओच्या रकान्यात नॅसचं नाव आपोआप उगवतं. प्लेस्टेशन ४ आला २०१३ साली, तेव्हा सोनीने ही सोय काढून टाकली होती. लोकांनी बराच आरडाओरडा केला, आणि जून २०१५ मध्ये ‘मीडिया प्लेयर’ नावाचं वेगळं ॲप आलं. ते मोफत आहे, पण स्टोअरमधून उतरवून घ्यावं लागतं. प्लेस्टेशन ५ मध्ये ही सोय मुळातून नाही, तिथे प्लेक्सचं ॲप घालायचं आणि नॅसवर प्लेक्सचा सर्व्हर चालवायचा. एक्सबॉक्स वनपासून पुढे व्हीएलसी आणि कोडी दोन्ही मिळतात, म्हणजे सगळ्यात कमी कटकट. निन्टेंडो स्विच ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्यावर गेमच खेळावेत.

आणि हो, मागच्या आठवड्यात मला चार जणांनी विचारलं, “आमचा इंटरनेटचा प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे, चालेल का?” या कामाशी प्लॅनचा संबंधच नाही. टाकीतलं पाणी नळाला येताना म्युनिसिपालटीच्या पाइपलाइनचा संबंध येत नाही, तसंच. इंटरनेट बंद पडलेलं असतानाही नॅसवरचा व्हिडिओ टीव्हीवर चालतो. फक्त प्लेक्सला खातं काढताना आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

संबंध येतो तो घरातल्या वाटेचा. आणि इथे आपली इमारत आडवी येते. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या हॉलमध्ये फोनवर बघितलं तर शेजारच्यांची सत्तावीस वायफाय दिसतात. सत्तावीस कुटुंबं तीन चॅनेलमध्ये! आपल्या पार्किंगपेक्षा वाईट अवस्था. (हशा) ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण त्याला आरसीसीची भिंत मानवत नाही. त्यात प्लेस्टेशन ३ आणि पहिल्या प्लेस्टेशन ४ ला ५ गिगाहर्ट्झ पकडताच येत नाही. मग चित्र अडकतं, गोल फिरतं, आणि घरचे म्हणतात तुमची पेटीच भंगार आहे.

उपाय एकच, आणि तो चारशे-पाचशे रुपयांचा आहे. वायर. राउटरपासून कन्सोलपर्यंत कॅट-६ ची केबल टाका. स्कर्टिंगच्या कडेने पांढरी पट्टी लावली की दिसतही नाही. नॅस तर राउटरच्या शेजारीच ठेवायची, वायरनेच जोडायची. राउटरची पोर्ट १०० एमबीपीएसची असली तरी पुरतात, कारण ब्ल्यू-रेचं चित्रसुद्धा जास्तीत जास्त ४० एमबीपीएस घेतं आणि आपली आरती त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

सगळं जोडलं, यादी आली, फाइल निवडली, आणि कन्सोल म्हणाला ‘अनसपोर्टेड डेटा’. किंवा त्याहून वाईट, ‘करप्टेड’. लोक घाबरतात. वाटतं, गेलं शूटिंग. काही गेलेलं नसतं. इथे डब्याचं गणित समजून घ्या.

व्हिडिओची फाइल म्हणजे पुडांचा डबा. एका पुडात चित्र, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात कधी सबटायटल. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही डब्यांची नावं. एमकेव्हीचं मूळ नाव ‘मात्रोश्का’ या रशियन बाहुलीवरूनच आलं आहे, बाहुलीत बाहुली, तसं. आत पदार्थ कसा शिजवलाय ते वेगळं. त्याला कोडेक म्हणतात, एच.२६४, एच.२६५, एमपेग-२ वगैरे. कन्सोलला डबाही उघडता आला पाहिजे आणि पदार्थही पचला पाहिजे. प्लेस्टेशन ३ ला एमकेव्हीचा डबाच उघडत नाही, आतलं चित्र त्याला अगदी चालण्यासारखं असलं तरी. प्लेस्टेशन ४ चा मीडिया प्लेयर एमकेव्ही उघडतो, पण आत एच.२६५ असेल तर थांबतो. आणि २०१७ नंतरचे आयफोन नेमकं त्याच पद्धतीने शूटिंग साठवतात. म्हणून यंदाच्या गणपतीचं शूटिंग करणाऱ्या मुलांना मी सांगितलंय, फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा. जागा जास्त जाईल, पण आजीच्या टीव्हीवर दिसेल.

डबा चालत नसेल तर दोन वाटा आहेत. एक, नॅसने पाहतापाहता पदार्थ बदलून द्यायचा. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. ऐकायला छान, पण स्वस्तातल्या नॅसचा प्रोसेसर त्यात धापा टाकतो. बाळाला वरणभात कालवून भरवायला आजी लागते, तिच्याकडून एकाच वेळी चार जणांना वाढायची अपेक्षा धरू नका. प्लेक्समध्ये यासाठी हार्डवेअरची मदत घ्यायची तर पैसे भरावे लागतात, जेलीफिनमध्ये ती फुकट आहे. दुसरी वाट मला जास्त पसंत आहे. एकदाच, रात्री झोपताना, कॉम्प्युटरवर ‘हँडब्रेक’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल घालायची आणि एमपी४ च्या डब्यात एच.२६४ चं चित्र आणि एएसी आवाज असं करून ठेवायचं. हा वरणभात आहे. प्लेस्टेशन ३ पासून कालच्या टीव्हीपर्यंत सगळ्यांना पचतो, आणि मग स्वस्तातली पेटीही निवांत राहते.

फक्त मूळ फाइल पुसू नका. हे मी दोनदा सांगतो. मूळ फाइल पुसू नका. मिनी-डीव्हीची तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली की सुमारे १३ जीबी होते. त्यावरून केलेली पाहण्याची प्रत दोनेक जीबीत बसते. १३ जीबीची ती फाइल पेनड्राइव्हवरून प्लेस्टेशन ३ ला देताच येत नाही, कारण त्याला लागणाऱ्या फॅट-३२ पद्धतीत ४ जीबीवरची फाइल मावत नाही. मग लोक वैतागून मोठी फाइल उडवतात. उडवू नका. नॅसवर दोन फोल्डर करा, ‘मूळ’ आणि ‘पाहण्यासाठी’, आणि कन्सोलला दुसराच दाखवा. जुन्या शूटिंगमध्ये माणूस हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. ते तेव्हाच्या एकाआड एक ओळींच्या चित्राचं लक्षण आहे. हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’ निवडलं की पाहण्याच्या प्रतीत त्या जातात. उद्या याहून चांगलं सॉफ्टवेअर येईल, तेव्हा मूळ फाइल हाताशी असली तर पुन्हा करता येईल.

जागेची काळजी नको. ४ टीबीच्या एका डिस्कवर मिनी-डीव्हीच्या तीनशे कॅसेट मूळ स्वरूपात मावतात, आणि आपल्या सगळ्या इमारतीतल्या मोजल्या तर माझ्या अंदाजाने शंभरही भरणार नाहीत.

खजिनदार मघापासून हात वर करतायत. हो, विजेचं. दोन डिस्कची नॅस साधारण १५ ते २० वॅट घेते. चोवीस तास चालू ठेवली तर महिन्याला ११ ते १४ युनिट. कन्सोल व्हिडिओ दाखवताना याहून कितीतरी जास्त घेतो, पण तो तासभरच. आणि नॅस घेणं सक्तीचं नाही. जुना लॅपटॉप धूळ खात असेल तर त्यावर ‘युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर’ हे मोफत सॉफ्टवेअर घाला, कन्सोलला तीही नॅसच वाटते. काही राउटरना मागे यूएसबीचं भोक असतं, त्यात हार्ड डिस्क खोचून मीडिया सर्व्हर चालू करता येतो. सुरुवात तिथून करा. नॅस घेतली तर मात्र छोटा यूपीएस लावाच, आपल्याकडची वीज कधी जाते आणि कशी परत येते हे मी सांगायला नको.

एक गैरसमज मोडायला हवा. दोन डिस्क आहेत, दोन्हींवर तेच आहे, म्हणजे आपण सुरक्षित, असं दुकानदार सांगतात. एक डिस्क बिघडली तर दुसरी वाचवेल, हे खरं. पण नातवाने चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्हींवरून त्याच क्षणी जातं. आणि पाणी आलं तर पेटी दोन्ही डिस्कसकट बुडते. तळमजल्याच्या मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही. तिसरी प्रत बाहेर हवी, दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या गावात. पुण्याच्या मावशीकडे एक हार्ड डिस्क ठेवा, दिवाळीला जाल तेव्हा बदलून आणा.

अमेरिकेतल्या मुलालाही घरची नॅस बघता यावी म्हणून राउटरवर बाहेरून दार उघडून देणारे लोक आहेत. ते करू नका. २०२१ आणि २०२२ मध्ये इंटरनेटवर अशा उघड्या राहिलेल्या घरगुती पेट्यांवर ‘क्यूलॉकर’ आणि ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रोग्रॅमनी जगभर धाड घातली. फाइल कुलूपबंद, आणि किल्लीसाठी बिटकॉइन द्या. मुलाला त्याच्या मित्राच्या बॅगेतून पेनड्राइव्ह पाठवा, चकलीच्या पिशवीशेजारी मावतो.

आता कॅसेटबद्दल, कारण घाई तिथे आहे. नॅस पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल, कॅसेट थांबणार नाहीत. व्हीएचएसचे प्लेयर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आज जे प्लेयर चालू आहेत तेवढेच. मिनी-डीव्ही उतरवायला फायरवायर नावाची जोडणी लागते, ती नव्या लॅपटॉपवर नसते, आणि तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई करता येत नाही. आपल्या पावसाळी हवेत कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी येते. ती दिसली तर कॅसेट प्लेयरमध्ये घालून बघू नका. रिळ खराब होतंच, शिवाय बुरशी प्लेयरच्या हेडला लागून पुढच्या चांगल्या कॅसेटलाही चिकटते. तशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून द्या, ती जाणकाराकडूनच साफ करून घेऊ.

माझ्याकडे फायरवायरचा एक जुना डेस्कटॉप आहे, सी विंगमधल्या एका मित्राकडे चालू हँडीकॅम आहे, आणि व्हीएचएसचा एक प्लेयर मिळालाय. कमिटीने क्लब रूम दर शनिवारी दुपारी दोन ते सहा द्यायचं मान्य केलंय. म्हणजे एका शनिवारी चार कॅसेट. हिशोब तुम्हीच करा, म्हणजे रांग का आहे ते कळेल. त्या रांगेत पहिली कॅसेट तिसऱ्या मजल्यावरची, २००४ ची. हे मी कुणाला न विचारता ठरवलंय, आणि कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. (टाळ्या)

एक प्रश्न मात्र विचारूनच ठरवायचा आहे. तुमच्या कॅसेटमध्ये शेजारी आहेत, त्यांच्या लग्नाच्या गडबडी आहेत, कुणाचं भांडणही आहे. सगळं एकत्र करून सोसायटीच्या एका पेटीत ठेवायचं की ज्याचं त्याने ठेवायचं? माझं मत असं की सार्वजनिक कार्यक्रमांचं, गणपती, कोजागिरी, २६ जानेवारी, हे एकत्र ठेवावं आणि प्रत्येक घराने प्रत घेऊन जावी. घरातलं घरातच राहावं. आणि कुणी म्हणालं की मी दिसतोय ते नको, तर तेवढं काढायचं, कारण विचारायचं नाही. हे येत्या सर्वसाधारण सभेत ठरावासाठी घेऊ.

तोपर्यंत कॅसेट आणताना एवढं करा. पिशवीवर फ्लॅट नंबर लिहा. कॅसेटच्या कडेला एक छोटी खूण असते, रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून. मिनी-डीव्हीची पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा, व्हीएचएसचं कडेचं प्लॅस्टिकचं पान मोडून टाका. वर्ष आठवत नसेल तर अंदाज लिहा. मूर्ती कुठे बसवली होती, मोठी मुलं कुणाची कितवीत होती, पाण्याची टाकी निळी होती की काळी, यावरून आम्ही लावू. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे टीव्हीवरच्या यादीत सगळं आपोआप क्रमाने लागतं. कॅसेट ऑफिसात वॉचमनकाकांकडे द्यायच्या, ते वहीत नोंद करून सही घेतील, आणि परत नेतानाही सही करायची आहे. ज्यांच्या घरी कन्सोल आहे पण जोडता येत नाही, त्यांनी त्याच वहीच्या मागच्या पानावर नाव आणि कन्सोलचं मॉडेल लिहून ठेवावं. आठवी-नववीतली पाच मुलं येऊन जोडून द्यायला तयार आहेत. परीक्षा सोडून कधीही.